भुयाराचे दार: प्रकल्प नोंदी, सत्तरी

12 जानेवारी 2024

जागा गोव्यातल्या वाळपईच्या पुढे, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एका खासगी कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत. कुळागराच्या वरच्या अंगाला जांभ्यात खोदलेले जुने भुयार. झरीचे पाणी पोफळींपर्यंत आणायला कधीकाळी खोदले असावे. आता पाणी पाइपातून येते आणि भुयार वटवाघळांच्या ताब्यात आहे. तोंडातून माणूस वाकून आत जातो, थोडे पुढे गेल्यावर डावीकडे वळण, आणि वळणानंतर छत एकदम उंच. वस्ती त्या उंच भागात.

काम असे: माणूस आत जाणार नाही आणि वटवाघूळ अडणार नाही असे दार तोंडाला बसवायचे. कोणीतरी या भुयाराचा व्हिडिओ टाकल्यापासून धबधब्यावर आलेली मंडळी वाट वाकडी करून इकडे येऊ लागली. मोबाइलचे उजेड, आरडाओरडा. एका टोळक्याने तर आत फटाका लावला. उन्हाळ्याची सुट्टी आणि वटवाघळांची पिल्ले एकाच वेळी येतात, हे दुखणे.

इथल्या मुख्य जातीचा समागम डिसेंबरात होतो आणि पिल्ले एप्रिलअखेर ते मे या काळात जन्मतात. तेव्हा लोखंडाचे काम फेब्रुवारीत उरकायला हवे. नाही जमले तर सरळ पावसाळ्यानंतर. दिवस भरत आलेल्या माद्यांच्या डोक्यावर ड्रिल चालवून संवर्धन होत नाही.

वनखात्याला पत्र दिले. जमीन खासगी असली तरी कागद हातात असलेला बरा.

21 जानेवारी

तिन्हीसांजेची मोजणी. सूर्य साडेसहाच्या आत मावळला. पहिले वटवाघूळ त्यानंतर वीसेक मिनिटांनी बाहेर पडले. मी डावीकडे, एम.एस्सी.ची विद्यार्थिनी उजवीकडे, दोघांच्या दोन्ही हातांत खटक्याचे मोजणीयंत्र. बाहेर पडणाऱ्याला उजव्या हाताचा खटका, परत आत शिरणाऱ्याला डाव्या हाताचा, आणि शेवटी वजाबाकी. तोंडाशी घुटमळणारे एकच वटवाघूळ चार-पाच वेळा आतबाहेर करते. वजाबाकी न करता छापलेले आकडे मी किती अहवालांत पाहिले; त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

आज दोनशेच्या जरा वर.

बहुतेक ऱ्हिनोलोफस रूक्सी. नाकावर घोड्याच्या नालेसारखी कातडी. आवाज नाकातून सोडतात, तोंड मिटलेले. वजन दहा-बारा ग्रॅम. त्यांच्यात मिसळलेले हिपोसिडेरॉस स्पिओरिस. तिसरी जात तोंडाजवळच्या कोनाड्यात, मेगाडर्मा स्पाझ्मा, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच. यांचे कान मोठे, दोन्ही कान कपाळावर एकमेकांना जोडलेले. पानांत किडा हलला तर त्या खसफशीवरूनच हे त्याला गाठतात.

त्या कोनाड्याखालची जमीन वाचत बसावी अशी आहे. रातकिड्यांचे मागचे पाय, नाकतोड्याचे हिरवे पंख, एका मोठ्या पतंगाचा अर्धा पंख आणि त्यावरचा डोळा अजून शाबूत, भुंगेऱ्याचे कवच. शिकार इथे आणून उलटे लटकून खायची आणि नको ते खाली टाकायचे, असा यांचा रिवाज. विद्यार्थिनीने खाली प्लास्टिकचा कागद अंथरला. आठवड्याने उचलून पंख ओळखत बसायचे.

ऑडिओमॉथ, म्हणजे माणसाला ऐकू न येणारे उंच सूरही टिपणारे छोटे ध्वनिमुद्रण यंत्र, तोंडाच्या आतल्या बाजूला टांगला, पिशवीत सिलिका जेल टाकून. तिने 256 किलोहर्ट्झवर लावला होता. ते चालणार नाही, कारण जितक्या वेगाने नमुने घेऊ त्याच्या निम्म्यापर्यंतचाच सूर टिपता येतो, म्हणजे इथे 128. रूक्सीला ते भरपूर झाले, त्याचा सूर ऐंशीच्या आसपास. स्पिओरिसचा सूर मात्र त्या काठावर आणि काठाच्या वर. म्हणून 384. मग फाइली फुगतात, मिनिटाला जवळपास 46 एमबी, त्यामुळे रात्रभर सलग न ठेवता आलटून पालटून चालू-बंद. इतका उंच सूर हवेत लवकर विरतो. यंत्र तोंडापासून लांब टांगले तर स्पिओरिस आहेत की नाहीत हेही कळणार नाही.

मी या कामाला लागलो 1980च्या दशकात, तेव्हा आमच्याकडे क्यूएमसी मिनी नावाचा हातातला डिटेक्टर होता. चकती फिरवून एका वेळी एकच पट्टी ऐकायची, आणि जे ऐकले ते वहीत शब्दांनी लिहायचे: ‘टकटक’, ‘चिरचिर’, ‘ओले टपटप’. त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत. विद्यार्थिनीला ‘ओले टपटप’ वाचून हसू आवरेना.

28 जानेवारी

कुळागरकार भाऊंशी दाराच्या जागेबद्दल बोलायला गेलो आणि अर्धा दिवस सुपारीत गेला.

पोफळींखाली सकाळी फिरले की साल चघळून टाकलेल्या पिकलेल्या सुपाऱ्या सापडतात. सिनॉप्टेरस स्फिंक्स हे लहान फळखाऊ वटवाघूळ वरचा गोडसर गर चोखते आणि आतली सुपारी सोडून देते. आपल्या पोफळींवरचीच नव्हे, शेजाऱ्याच्या बागेतलीही इथे आणून खाते. भाऊंच्या आई रोज सकाळी टोपली घेऊन त्या गोळा करतात. “पाडेल्याचे पैसे वाचतात सर,” भाऊ म्हणाले; पाडेली म्हणजे झाडावर चढून सुपारी पाडणारा. आई तेवढ्याने गप्प बसणाऱ्या नाहीत. “शेजाऱ्याला विचार, त्याचे किती वाचतात ते!”

काजूचेही असेच. मार्चनंतर बोंडे उचलून नेतात, रस चोखतात आणि बी झाडाखाली टाकतात.

कुळागराच्या कडेला भेरली माड आहे. त्याच्या लोंबत्या घोसातल्या आतल्या काड्या स्फिंक्सच्या नराने कुरतडून आत पोकळी केलेली असते, बाहेरून घंटेसारखी. नर आत, भोवती माद्या. पुण्याच्या विषाणू संस्थेतले एच. आर. भट आणि बॉस्टनचे थॉमस कुंझ यांनी 1995 मध्ये हे सविस्तर लिहिले. खाली उभे राहून दुर्बिणीने पाहिले तर घोसाच्या तळाशी चार-पाच ओली नाके दिसतात. ही आपल्या प्रकल्पातली वटवाघळे नव्हेत, पण मला नोंदवल्याशिवाय राहवले नाही.

6 फेब्रुवारी

वेल्डरच्या गॅरेजमध्ये. त्याच्या डोक्यात देवळाच्या गाभाऱ्याचे दार होते, उभ्या सळयांचे आणि मध्ये नक्षी. त्याची समजूत घालण्यात चहाचे दोन कप गेले.

सळया आडव्या हव्यात. वटवाघूळ पंख पसरून आडवे येते; उभ्या सळयांत त्याला प्रत्येक वेळी पंख मिटावे लागतात. दोन सळयांमधले अंतर 15 सेंटीमीटर. याहून कमी ठेवले तर नालनाकी वटवाघळे बिचकतात, जास्त ठेवले तर पोरे आत सरकतात. उभे आधार शक्य तितके कमी, आणि त्यांच्यात निदान दोन फुटांचे अंतर. सळई भरीव हवी, पोकळ पाइप हॅक्सॉने चुटकीसरशी कापला जातो. मधली एक सळई कुलपाने निघणारी, म्हणजे मोजणीसाठी आम्हाला आत जाता येईल.

दार नेमके तोंडावर बसवायचे की थोडे आत, यावर बराच खल झाला. सगळ्यात अरुंद जागी तर नकोच. तिथे गर्दी होते आणि कोपऱ्यावर टपून बसलेल्या घुबडाचे किंवा मांजराचे फावते. शिवाय हवा खेळती राहायला हवी. आतली ऊब आणि ओल बदलली तर दार कितीही सुबक असो, वस्ती उठून जाईल. शेवटी तोंडाच्या जरा बाहेर, जिथे जांभा मजबूत आहे तिथे चौकट बसवायची ठरले.

लोखंड जस्ताचा मुलामा दिलेले, कारण आपल्या पावसात साधा रंग टिकत नाही. वेल्डिंगचे सगळे खवले ग्राइंडरने घासून गुळगुळीत करायचे. पंखाचा पडदा पातळ असतो. हे सगळे गॅरेजमध्येच. भुयारापाशी फक्त बोल्ट आवळायचे.

वेल्डरने शेवटी विचारले, “सर, एवढे करून ती येणार का तुमच्या दारातून?” प्रश्न रास्त आहे.

11 फेब्रुवारी

पीव्हीसी पाइपांची तालमीची जाळी बांधली, लोखंडाच्याच मापाची. दिवसा, आवाज न करता, दोर आणि बांबूवर. नाही मानवली तर पाच मिनिटांत काढता येते.

12 फेब्रुवारी

पहिली रूक्सी वळणावरून आली, जाळीच्या हातभर आधी मागे फिरली. पुन्हा आली, पुन्हा मागे. तिच्या मागून आलेल्या सगळ्यांनी तेच केले. आत गोल गोल फिरणारी गर्दी वाढत गेली. विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिले, म्हणजे काढायची का? मी थांबायला सांगितले. ऑडिओमॉथच्या आलेखावर नंतर स्पष्ट दिसले: जाळीजवळ येताना त्यांचे लांब सूर आखूड होतात, दाट होतात, हातभर अंतरावर तर एकमेकांना चिकटतात. ही घाबरगुंडी नव्हे, तपासणी.

रूक्सीची करामत अशी की ती एकच लांब सूर धरते. उडताना स्वतःच्याच वेगामुळे परत येणारा प्रतिध्वनी चढतो, म्हणून ती आपला सूर तेवढाच उतरवते आणि कानावर पडणारा प्रतिध्वनी ठरलेल्या पट्टीत ठेवते. तिचा कान त्याच एका पट्टीसाठी कमालीचा तिखट असतो. हांस-उलरिख श्निट्झलर यांनी 1968 मध्ये नालनाक्या वटवाघळांत हे दाखवले. त्या स्थिर प्रतिध्वनीत पतंगाच्या पंखाची फडफड वेगळी उमटते, म्हणून गच्च झाडीतही तिला शिकार सापडते. न फडफडणारी पाइपची सळई तिला काय सांगत असेल कोण जाणे.

पहिली बाहेर पडली ती खालून तिसऱ्या फटीतून. मग रांग लागली, तीही त्याच फटीतून! वरच्या फटी मोकळ्या असताना. बाहेर पडायला नेहमीपेक्षा वेळ जास्त लागला, पण वजाबाकी जानेवारीच्याच घरात आली.

स्पिओरिसनी कसलाच नखरा केला नाही.

20 फेब्रुवारी

लोखंडी दार बसले. चौघे होतो, दुपारच्या आत काम उरकले. कोनाड्यातल्या स्पाझ्मा मात्र आवाजाने उठून आत गेल्या. संध्याकाळी फटी मोजून पाहिल्या: रूक्सी आता सगळ्याच फटींतून जातात, फक्त सगळ्यात वरची अजून कोणी वापरत नाही.

3 मार्च

देवळाच्या मंडपात गावकऱ्यांशी बोलणे. पहिलाच प्रश्न निपाहचा, अपेक्षेप्रमाणे. 2018 मध्ये कोझिकोडला साथ आली तेव्हापासून तो विचारला जातो, आणि कोविडनंतर दुप्पट. मी काही लपवले नाही. निपाहचे विषाणू मोठ्या फळखाऊ वटवाघळात, टेरोपसमध्ये असतात हे खरे. म्हणून दातांच्या खुणा असलेले, उष्टे फळ खाऊ नये आणि मेलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये. भुयारातली ही कीटक खाणारी, वेगळ्या कुळातली. तरी आत जाऊन विष्ठेची धूळ नाकात घेण्याचे कोणालाच काही कारण नाही. तिच्यातल्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. दाराचा फायदा दोन्ही बाजूंना आहे, हे एकदम पटले.

“मग झाडावरची हाकलू नयेत?” एक मुलगा. हाकलली की ती जातात पुढच्या झाडावर, म्हणजे पुढच्या वाड्यावर. ताणाखालच्या प्राण्याच्या अंगातून विषाणू जास्त बाहेर पडण्याचा धोका असतो, हेही सांगितले.

कायद्याचेही विचारले. 1972च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळे कित्येक वर्षे उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवींच्या यादीत होती. माझी बहुतेक नोकरी त्या यादीच्या सावलीत गेली. ज्या प्राण्याचा अभ्यास करायचा तो कायद्याच्या लेखी उपद्रवी, त्यामुळे पैसे मागायला गेलो की समोरचा हसायचा. 2022च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच काढली गेली, 1 एप्रिल 2023 पासून. उशीर झाला, पण झाले.

17 मार्च

चोर्ला घाटाने पलीकडे, खानापूर तालुक्यात. बारापेडे गुहेत आम्ही गेलो नाही आणि जाणारही नाही, पण विद्यार्थिनीला तो डोंगर दाखवायचा होता. मुंबईच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणात तिथे सापडलेल्या मोठ्या कानांच्या वटवाघळाला 1913 मध्ये लंडनचे प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी वनाधिकारी रॉटन यांचे नाव दिले, ओटोमॉप्स रॉटनी. पुढे कित्येक दशके जगात त्याचा तेवढाच एक पत्ता माहीत होता. मग मेघालयात आणि कंबोडियात सापडले. ती गुहा ज्यात येते ते भीमगड अभयारण्य 2011 मध्ये झाले.

दुर्मीळ म्हणून त्या वटवाघळाला कायद्याचे कवच मिळाले, ते योग्यच. पण रूक्सी ‘सर्वसाधारण’ म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही, आणि सर्वसाधारण प्राणी कमी होताना कोणाच्या लक्षात येत नाहीत. आमच्या भुयाराच्या जुन्या मोजण्या नसत्या तर दोनशे हा आकडा भरपूर वाटला असता. 1990च्या दशकातल्या माझ्या वहीत तो याच महिन्यांत याच्या दुपटीहून जास्त आहे.

25 मार्च

शिगमो. वाळपईच्या वाटेवर गाड्यांची रांग. भाऊंचा फोन: काल काही जण आले होते, दार हलवून पाहिले, फोटो काढले, निघून गेले. कुलूप शाबूत.

9 एप्रिल

पाडवा. भाऊंकडे जेवण, मग मोजणी.

वळणानंतर भुयारात दिवसासुद्धा डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही. मग आतल्यांना संध्याकाळ झाली हे कळते कसे? थोडे उत्तर डोळ्यांना दिसते: सूर्यास्ताच्या आसपास काही जण तोंडाजवळ येतात, उजेड बघतात, परत जातात. उरलेले उत्तर मदुराईचे. एम. के. चंद्रशेखरन, जी. मारिमुथु आणि सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात याच जातीच्या, स्पिओरिसच्या, काही वटवाघळांना गुहेच्या काळोखात पिंजऱ्यात ठेवले. भोवती मोकळी वस्ती जातयेत होती तोवर पिंजऱ्यातल्यांचे घड्याळही तिच्याबरोबर चालले. वस्ती नसलेल्या जागी ठेवले तेव्हा ते आपापल्या वेळेने सरकत गेले. शेजारी उठले की उठायचे. परदेशी प्रयोगशाळेची वाट न बघता, गावाजवळच्या गुहेत बसून केलेले ते काम वाचूनच मी या वाटेला लागलो.

28 एप्रिल

पहिली पिल्ले. लाल दिवा, दोन मिनिटे, बाहेर. विद्यार्थिनी आत गेली, मी दाराशी. गुडघे आता वाकून चालायला तयार नाहीत.

तिने लिहिलेले जसेच्या तसे: “मादी उलटी लटकलेली. पिल्लू तिच्या पोटाला, पण डोके तिच्या शेपटीकडे, म्हणजे वर. तोंडात खोटे स्तनाग्र घट्ट. पिल्लाचे नाक आत्ताच नालेसारखे. अंगावर लव नाही, कातडी राखी. पाय मादीच्या मानेजवळ.”

उत्तम नोंद. नालनाक्या माद्यांना छातीवरच्या दुधाच्या स्तनाग्रांखेरीज ओटीपोटाशी आणखी दोन असतात, फक्त पिल्लाने तोंडाने धरून राहण्यासाठी. फटाका वाजला की मादी दचकून उडते आणि अशा वेळी न धरलेले पिल्लू खाली पडते. खाली पडलेले पिल्लू म्हणजे मुंग्यांचे.

आणि वर्षाला पिल्लू एकच. तेवढ्याच अंगाची उंदरीण तीन आठवड्यांत वेत देते, वर्षातून कितीतरी वेळा. रूक्सी जवळजवळ पाच महिने गाभण राहून एकाला जन्म देते. याची भरपाई लांब आयुष्याने होते. सायबेरियात कडी घातलेले सात ग्रॅमचे एक ब्रँटचे वटवाघूळ 41 वर्षांनी जिवंत सापडले आहे. म्हणून वटवाघळांचा दोन-तीन वर्षांचा अभ्यास मला कधी पुरेसा वाटला नाही. एका वस्तीच्या अर्ध्या माद्या एका उन्हाळ्यात गेल्या तर ती भरून यायला माणसाची नोकरी संपते. प्रकल्पांना पैसे मात्र तीन वर्षांचेच मिळतात.

7 मे

मतदान. मोजणी नाही.

19 मे

माद्या रात्रीतून मध्येच परततात, पिल्लांना पाजायला, त्यामुळे वजाबाकीचा पार गोंधळ. या महिन्यातले आकडे मागच्या मे महिन्याशीच ताडून पाहायचे, जानेवारीशी नाही. तिच्या वहीत हे ठळक लिहायला लावले. बाहेर पडणाऱ्या मोठ्यांची संख्या गेल्या मेपेक्षा थोडी वर. थोडीच, यावरून कोणी ‘दार यशस्वी’ असे लिहू नये.

कोनाड्यात स्पाझ्मा परतल्या आहेत. कागदावर यंदा वाळवीचे पंख चिक्कार, वळीव पडून गेल्याची खूण.

16 जून

पाऊस जोरात. भुयारातून पाण्याचा ओघळ सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात खालच्या सळईशी पोफळीची झावळी आणि पाचोळा अडकून बांध तयार झाला. भाऊंनी काढला. पण दर पावसाला कोण काढत बसणार? खालची सळई एक वीत वर घ्यावी लागेल. वेल्डर म्हणतो ऑक्टोबरात, पिल्ले उडायला लागल्यावर. हे वेळापत्रक आता तोच सांगतो.

कुलूप गंजले. पितळी आणायचे, दोन किल्ल्या: एक भाऊंच्या आईकडे, एक विद्यार्थिनीकडे. जुन्या वह्या तिने स्कॅनिंगला नेल्या आहेत आणि कालच फोन केला, 1993च्या वहीत एका पानावर ‘टपटप, पण कोरडे’ असे लिहिले आहे ती कोणती जात? त्या पानावरचा, भेरली माडाखाली ऐकलेला आवाज कसला होता हे मला अजून ठरवता आलेले नाही. ऑक्टोबरात तिथेही एक ऑडिओमॉथ टांगून बघू.